बिघडलं की कळवा

दुपारचे चार वाजले की बाबा उठायचे. घड्याळ बघून नव्हे. घड्याळ कळणं वर्षापूर्वीच सुटलं होतं. पण अंगात कुठंतरी काटे अजून शाबूत असावेत. ते चपला शोधायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि दाराकडे जाता जाता घरात जे कोणी असेल त्याला सांगायचे, "येतो मी दुकान उघडून."

घरात जे कोणी असेल ते म्हणजे बारकी. लहानपणी काडीसारखी होती म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आता ती बावन्न वर्षांची होती, अंगानं चांगली भरली होती आणि जिना चढताना मध्ये एकदा टेकायची. नाव मात्र तेवढंच राहिलं. नवऱ्याशी फारकत झाल्यावर ती बापाच्या घरी परत आली, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. एका फर्निशिंगच्या दुकानासाठी ती घरबसल्या पडदे शिवून द्यायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आणि मशीनच्या दोन्ही बाजूंना कापडाचे ढीग. त्यांच्यामधून दारापर्यंत जायला जेमतेम वाट. तेवढी वाट बाबांना पुरायची.

दुकान म्हणजे व्हिडिओ गेमचं पार्लर. बाजाराच्या मागच्या गल्लीत लांबट गाळा होता, आणि भिंतीला पाठ लावून नऊ मशीनं उभी असायची. प्रत्येक मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी कपाटच. वर दिव्याची पाटी, मध्ये तिरका पडदा, खाली एक दांडा आणि सहा बटणं. शाळा सुटायच्या वेळेला, चार वाजता, बाबा शटर वर करायचे. अख्खा बाजार त्यांना 'मशीनवाले' म्हणायचा. पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, मग हातोहाती फोन, आणि एके दिवशी नऊच्या नऊ मशीनं टेम्पोत चढून भंगारात गेली. त्यालाही वीस वर्षं झाली. गाळ्यात आता चष्म्यांचं दुकान होतं.

बाबा तिथं जाऊन चष्मेवाल्याला विचारायचे, "माझी मशीनं कुठं हलवलीत?"

चष्मेवाला भला माणूस. पहिल्या चार वेळा त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, बारकीला फोन केला. पाचव्या वेळी बाबांनी एका गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर काढलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी समजून घेतो हो. गिऱ्हाईक नाही घेत."

त्यानंतर आठवड्याभरात बाबा बाजारापर्यंत पोचलेच नाहीत. बारकी पडद्याची एक पट्टी संपवून मान वर करते तो दार सताड उघडं. अडीच तासांनी ते बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडले, एका पायात चप्पल नाही, आणि कंडक्टरला सांगत होते की पोरं खोळंबली असतील. दुसऱ्या दिवशी तिनं दाराला आतून कुलूप घातलं. बाबांनी दारावर मुठी आपटल्या, बोटांची सालं निघेपर्यंत. खालचे, वरचे सगळे जिन्यात गोळा झाले. बारकीनं कुलूप काढलं, त्यांचे हात धुतले, आणि तेव्हापासून रोज चार वाजता ती त्यांच्याबरोबर बाहेर पडू लागली. बाजार टाळून, शाळेला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, ते दमेपर्यंत. ते ऐंशीला टेकलेले होते, पण दमायची तीच आधी. घरी येऊन स्वयंपाक, मग राहिलेले पडदे. रात्री आडवी झाली तरी कान दाराकडे असायचे. सकाळी आरशात बघावं तर डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की फर्निशिंगवाली बाई म्हणाली, "चष्मा लागलाय का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "त्यांच्याशी वाद घालू नका. हाताला काहीतरी काम द्या." काय काम द्यायचं ते सांगितलं नव्हतं. बारकीनं रंगीत बटणं वेगळी करायला दिली. बाबांनी ती खिशात भरली. टॉवेलांच्या घड्या घालायला दिल्या. "हे मघाशीच केलं," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, परदेशी असायचा. दर रविवारी व्हिडिओवर दिसायचा आणि दर रविवारी त्याच्याकडे एक नवा उपाय असायचा. "अगं, त्यांना टॅबलेट घेऊन दे. जुने गेम सगळे मिळतात त्यावर. बसतील खेळत." त्यानंच टॅबलेट पाठवला. बाबांनी तो हातात घेतला, पडद्याकडे बघितलंही नाही, उलटा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत राहिले.

"काय शोधताय?"

"स्क्रू कुठंयत याचे?"

बारकीला वाटलं, त्यांना खरंखुरं मशीन हवंय, लाकडाचं, उभं. त्या रात्री तिनं वर्तमानपत्राचे ताव चिकटवून जमिनीवर एक आकार काढला. नऊ मशीनं तिनं शाळेत जायच्या आधी रोज झाडली-पुसली होती, दहा वर्षांची असल्यापासून. दांड्याची फळी आपल्या कुठं यायची, पाटीचा कोपरा डोक्याला कुठं लागायचा, सगळं अंगाच्या मापानं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तो कागद गुंडाळून ती तळमजल्यावरच्या सुतारकाकांकडे गेली. काका फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी कामातून गेलेले, पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून दोन करवती आणि एक रंधा बाळगून होते.

"काका, एक कपाट करायचंय."

"कपडे ठेवायला?"

"नाही. बाबांना ठेवायला."

मग तिनं कागद पसरला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "गुडघे माझे गेलेत, हात नाही," ते म्हणाले. "वाकायचं तू, बोलायचं मी."

असे सव्वातीन महिने गेले. सकाळी बाबा शांत असायचे. त्यांना शेडच्या दारात खुर्चीवर बसवायचं, आणि हिनं प्लायवूडवर ओणवं व्हायचं. काका स्टुलावरून हुकूम सोडायचे. प्लाय अठरा मिलिमीटरचा, त्यावर काळा सनमायका. करवत हातात धडधडायची, भुसा घामाला चिकटायचा. बाबा खाली पडलेले स्क्रू उचलून मांडीवर लांबीप्रमाणे ओळीनं लावायचे, आणि समोर उभं राहत असलेल्या वस्तूकडे त्यांचं अजिबात लक्ष नसायचं.

दोन बाजू कापायच्या दिवशी बारकी आदल्या रात्री तीन तास झोपली होती. पहिली बाजू कापली, तीच दुसऱ्या तुकड्यावर ठेवून रेघ मारली, दुसरी कापली, आणि दोन्ही उभ्या करून बघते तो एकीचा सनमायका बाहेर आणि दुसरीचा आत.

काकांनी पेन्सिल परत कानामागं खोवली. मग म्हणाले, "दोन्ही डावीच कापलीस."

ती भुशात मटकन बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण रडायलाही थोडा जोर लागतो.

"अगं, दोन्ही पायांत डावी चप्पल घालून माणसं लग्नाला जाऊन येतात," काका म्हणाले. "ही बाजू भिंतीकडे करू. भिंत काही कुणाला सांगत नाही."

पडदा एका बंद पडलेल्या ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरचा. आत तळहाताएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड, त्यात जुने गेम. दांडा आणि बटणं मागवली. प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्विच, प्रत्येक स्विचला दोन तारा: एक सगळ्यांची मिळून काळी, आणि एक ज्याची त्याची रंगीत, ती मागच्या हिरव्या पट्टीत जाऊन बसायची. काकांनी वहीच्या पानावर कुठली तार कुठं त्याचा नकाशा काढून दिला. बारकीनं चिमट्यानं एकेक तार बसवली. आयुष्यभर सुईत दोरा ओवला होता. हे त्यापेक्षा सोपंच होतं. चुकलं तर तार उपटून परत बसवता यायची.

मशीन वर आणायला काकांच्या ओळखीचे दोन हमाल आले. पुढच्या खोलीत पडद्यांचे ढीग सरकवून, आंधळी बाजू भिंतीला लावून, ते उभं राहिलं. दिव्याच्या पाटीवर नाव काय घालायचं सुचेना म्हणून तिनं पिवळं कापड ताणून बसवलं होतं. दिवा लागला की खोलीत तोच जुना पिवळट उजेड पडायचा.

चार वाजले. बाबा उठले. बटण लावलं. दाराकडे निघाले आणि मशीनपाशी थबकले.

बाबांनी दांडा धरला, चारी बाजूंना हलवला. सहाही बटणं एकेक करून दाबली, पण डोळे पडद्यावर नव्हते. मान तिरकी करून ते खालची टिकटिक ऐकत होते. मग त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"चालतंय," म्हणाले, आणि चपला घातल्या. "चला, मला उशीर होतोय."

"बाबा, खेळा ना. तुमचं मशीन आहे."

"माझं दुकानात आहे."

"सव्वातीन महिने!" ती ओरडली. "कंबर मोडली माझी! बोटं कापली! कुणासाठी केलं हे? एक डाव तरी खेळा! उभं तरी राहा!"

बाबा दोन पावलं मागं सरले. भांबावून त्यांनी तिच्याकडे बघितलं, परक्या घरात भलत्याच वेळी शिरलेल्या माणसासारखं. मग दुकानदाराच्या जुन्या सवयीनं आवाज खाली आणून, समजूत काढत म्हणाले, "बाई, मशीन चांगलं आहे तुमचं. काही काळजी करू नका. बिघडलं की कळवा, मी येईन."

त्या दिवशीही ती त्यांच्याबरोबर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेली. परत येताना तिच्या लक्षात आलं की बाबा उभ्या आयुष्यात कधी खेळलेच नव्हते. खेळायची ती गिऱ्हाइकं. बाबा चार वाजता शटर उघडायचे आणि मग हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन या मशीनच्या मागून त्या मशीनच्या मागं फिरायचे. नऊ मशीनं, रोज एक तरी रुसलेलं असायचंच.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिनं मशीनचा प्लग काढला, मागची फळी उघडली आणि हिरव्या पट्टीतून लाल तार उपटली. फळी लावून मधल्या दारात उभी राहिली. बाबा चपलांपर्यंत आले.

"मशीनवाले," ती म्हणाली. "आमचं मशीन बिघडलंय."

बाबा वळले. त्यांची पाठ ताठ झाली. कित्येक महिन्यांत तिनं त्यांना इतकं सरळ उभं बघितलं नव्हतं.

"काय होतंय?"

"माणूस उडी मारत नाही."

"बाकी चालतो? पळतो?"

"पळतो. उडी नाही."

"मग दांडा ठीक आहे. बटण असेल नाहीतर तार." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "स्क्रूड्रायव्हर आहे का घरात? चांगला हवा. टोक झिजलेला नको."

ते मशीनमागं मांडी घालून बसले. चार स्क्रू काढले, चारही ओळीनं ठेवले. ज्या बोटांना सदऱ्याची खालची बटणं जमत नव्हती, ती बोटं तारांच्या जुडग्यात शिरून एकेक तार चाचपत पुढं सरकू लागली. एक तास दहा मिनिटं लागली. लाल तार सापडली, बसली, फळी लागली. "लावा प्लग," म्हणाले. तिनं लावला. बटण दाबताच पडद्यावरच्या माणसानं उडी मारली.

"झालं. उद्या येऊ का?"

"या," बारकी म्हणाली.

त्या एक तास दहा मिनिटांत ती भिंतीला टेकून झोपली होती. बसल्या जागी, तोंड उघडं टाकून, मेल्यासारखी.

तेव्हापासून तोच नेम झाला. पावणेचारला प्लग काढायचा, एक तार उपटायची, आणि चार वाजता गिऱ्हाईक व्हायचं. कधी उडी नाही, कधी गोळी सुटत नाही, कधी माणूस डावीकडे जातच नाही. काका म्हणाले, "आम्ही जन्मभर वस्तू टिकाव्यात म्हणून झटलो. तू बाई रोज बिघडवतेस, आणि तेच बरं चाललंय!" एवढं एकच होतं, की त्या तासाभरात ती त्यांची मुलगी नसायची. एकदा चुकून "बाबा, पाणी देऊ?" म्हणाली, तर ते गोंधळून उठले आणि चपला शोधायला लागले. मग तिनं जीभ आवरली. "मशीनवाले, पाणी घ्या."

काही दिवस ते काम करता करता बोलायचे. परक्या बाईशी बोलावं तसं, मापात.

"तुम्हाला मुलंबाळं?" एकदा त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"मला दोन आहेत. मुलगा हुशार आहे, जाईल कुठंतरी लांब. आणि एक मुलगी. बारकी." चिमट्यानं तार धरून ते थांबले. "सकाळी दुकान झाडते माझं. खेळायची हौस फार, पण मीच नको म्हटलंय. टवाळ पोरं येतात ना, बरं दिसत नाही. तर ही काय करते, सकाळी झाडायला म्हणून जाते आणि शटर अर्धं ओढून घेऊन खेळते. तिला वाटतं मला पत्ता नाही."

बारकीनं शिलाई मशीन थांबवलं.

"मग तुम्ही रागावत नाही?"

"मी बाहेर थांबतो. आवाजावरून कळतं डाव कुठं आलाय ते. संपला की चाव्या वाजवत आत जातो." ते हसले. "कधी कधी तासभर थांबावं लागतं. चांगली खेळते हो."

तिला आठवलं, त्या चाव्यांचा आवाज आला की ती कशी झाडू उचलायची. आणि रोज मनात म्हणायची, थोडक्यात वाचले. त्या दिवशी ती झोपली नाही. बसल्या बसल्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

पाचव्या महिन्यात दादा आला, पंधरा दिवसांसाठी. मशीन बघून हरखलाच. "अगं बारके, कसलं भारी केलंयस!" बॅग दारात टाकून तो खेळायलाच उभा राहिला. बाबा मागं हात बांधून थोडा वेळ बघत होते. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

"दोन डाव झाले तुमचे. मागं माणसं थांबलीत."

दादा हसला, पण नंतर मोरीत तोंड धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी बारकी त्याला म्हणाली, "आज चारला तू बघ. 'मशीनवाले' म्हणायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. मी पडते जरा."

"मी नाही म्हणणार मशीनवाले. बाप आहे तो माझा."

"मग बाबा म्हणून बघ."

भांडायचं तिच्यात त्राणच नव्हतं. ती आत जाऊन पडली. चार वाजता तिनं बाहेर दादाचा आवाज ऐकला: "बाबा, बसा ना. बाबा, कुठं निघालात? बाबा!" मग दार वाजलं, जिन्यात चपला वाजल्या, एका जोडामागं दुसरा. तिनं कूस बदलली. नंतरचं दादानं सांगितलं तेवढंच. बाबा बाजारात गेले, चष्मेवाल्याशी भांडले, तिथून बस थांब्यावर. दादा हात धरायला गेला तर "चोर, चोर" म्हणून ओरडले. चार माणसं जमली. त्यातल्या दोघांनी दादाची कॉलर धरली. सात वाजता दोघं परत आले तेव्हा कोण कुणाला आधार देतंय ते कळत नव्हतं.

दादा तिच्या शेजारी जमिनीवर बसला. गुडघ्यावर खरचटलं होतं.

"रोज असं होतं?"

"व्हायचं. आता नाही होत."

त्यानं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाला, "मी दर रविवारी तुला शहाणपण शिकवत होतो."

"हो," बारकी म्हणाली. "टॅबलेट पडलाय बघ कपाटात."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आतल्या खोलीत पडून ऐकत होती. दादा दोनदा खाकरला. "मशीनवाले," त्याचा आवाज चिरकला, "आमचं मशीन बिघडलंय हो." बाबा म्हणाले, "काय होतंय?" पुढचं तिनं ऐकलं नाही. उठली तेव्हा सव्वासात झाले होते. खिडकीत अंधार पडत होता, आणि दादा जमिनीवर पालथा पडून बाबांसाठी टॉर्च धरत होता.

पंधरा दिवसांचा त्यानं दीड महिना केला. जाताना काही मोठं बोलला नाही. वर्षातून दोनदा येईन म्हणाला, आणि आला. रविवारी फोन करायचा, पण उपाय सुचवायचा नाही, "झोप झाली का?" एवढंच विचारायचा.

एकदा बारकीला गाढ झोप लागली आणि जाग आली तेव्हा मशीनच्या मागं बाबांभोवती तारांची झालर पसरलेली होती. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या काढून त्यांनी लांबीप्रमाणे ओळीनं मांडल्या होत्या. "स्वच्छ झालं," ते म्हणाले. चेहरा इतका प्रसन्न, की ती काही बोललीच नाही. काकांचा नकाशा समोर धरून सगळं परत जोडायला तिला दोन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी चारला तिनं एक तार उपटली.

पण हळूहळू तार सापडायला वेळ लागू लागला. मग तिनं उपटलेली तार थोडी बाहेर ओढून ठेवायला सुरुवात केली. मग पार बाहेर, डोळ्यांसमोर लोंबती. त्यानंतर असेही दिवस आले की बाबा फळी काढायचे, तारांकडे बघत स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेऊन बसायचे, आणि तासाभरानं म्हणायचे, "पार्ट मागवावा लागेल." बारकी म्हणायची, "मागवा. घाई नाही." ते फळी तशीच ठेवून उठायचे आणि दाराकडे न जाता पलंगाकडे जायचे. ती रात्री स्वतःच तार बसवायची. तशी गरज नव्हती, पण उघडं ठेवून झोपावंसं वाटायचं नाही.

असं सगळं मिळून दीड वर्ष चाललं. काकांनी एकदा हिशेब केला, की तिला रोजचा तास धरला तर पाचशे तासांच्या वर झोप मिळाली. "एवढी झोप देणारं कपाट कारखान्यातसुद्धा कधी केलं नाही मी," ते म्हणाले.

मग एका मंगळवारी तिनं पावणेचारला प्लग काढला, पिवळी तार बाहेर ओढून ठेवली आणि मधल्या दारात उभी राहिली. चार वाजले. सव्वाचार झाले. ती आत गेली. बाबा पलंगावर छताकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते, चपला पलंगाखाली.

"मशीनवाले," ती म्हणाली. "आमचं मशीन बिघडलंय."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ओळख नव्हती, भीतीही नव्हती. "असू दे," ते म्हणाले.

"बाबा," तिनं हाक मारून बघितली. ते उठले नाहीत, गोंधळले नाहीत. तिनं पांघरूण सारखं केलं, त्यांचा हात आत घेतला आणि बाहेर आली.

समोर तास-दीड तास मोकळा होता. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले. बराच वेळ तशीच बसून राहिली. झोप आली नाही. मग उठून तिनं शिलाई मशीनवरचं झाकण काढलं आणि बेडरूमच्या निळ्या पडद्यांच्या खालच्या पट्ट्या घ्यायला बसली. चार पडदे होते. तिसरा संपत आला तेव्हा बेल वाजली. फर्निशिंगवाली बाई दारात उभी होती.

"परवा देणार होतीस ना तू? मी आपली इकडून चालले होते म्हणून डोकावले."

"एकच राहिलाय," बारकी म्हणाली. "बसा, देते करून."

बाई ढीग सरकवून बसली. बारकीनं दोरा तोडला, चौथा पडदा सुईखाली घेतला आणि पायडल दाबलं.